रुखवतातलं विमान

लग्नाला सव्वीस दिवस उरले होते तेव्हा जावयानं विमान पाठवलं. खोक्यातून, तुकड्यातुकड्यांत.

मी व्यंकट. नांदेडात नायगाव रोडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे, मागे घर. ठोकलेली गाडी माझ्याकडं येते. मी पत्रा सरळ करतो, उरलेल्या खड्ड्यात लांबी भरतो, ती वाळली की पॉलिश पेपरनं घासतो आणि वरून रंग मारतो. लांबी म्हणजे आमच्या धंद्यातलं मलम. तीस वर्षं हेच केलं. माझ्या हातून गेलेल्या गाडीला कुठं लागलं होतं ते खुद्द मालकाला दाखवता येत नाही. याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

होणारा जावई वैजनाथ लातूरचा. हवाई दलात आहे, विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती करतो, पोस्टिंग पंजाबात. साखरपुडा झाला आणि तिसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेला. तिथून हे खोकं. आत एका मोठ्या मालवाहू विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, दोन पंख्यांचं, कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या जुन्या साच्यातलं. फोनवर तो माझ्या ऋतुजाला म्हणाला, "रुखवतात ठेव. भरती झालो तवा ह्येच मी करायला घेतलं होतं. भाग बसता बसत न्हाईत. शेवटी फेकून दिलं. बघ तुला जमतंय का."

ऋतुजा हसली. मला मात्र रुखवताचीच भीती वाटली.

रुखवत म्हणजे पोरीच्या हातांची परीक्षा. मांडवात टेबलं लागतात, त्यावर लोकरीची तोरणं, सुपारीची नवरा-नवरी, रंगवलेले नारळ, आणि वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू उचलून उलटी करून बघतात. ऋतुजाचा उजवा हात कधीकधी बारीक थरथरतो. गोळीमुळं. बारावीत असताना तिला मिरगीचा पहिला झटका आला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. आता ती पंचवीस वर्षांची आहे, एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, आणि गेली तीन वर्षं दोन महिने झटका आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, लग्न, लेकरं सगळं होईल, गोळी चुकवू नका, जागरण करू नका. पण डॉक्टरच्या म्हणण्यावर सोयरिका जुळत नाहीत. आधी कंधारचं एक स्थळ आलं होतं. मी मोठ्या मनानं सगळं सांगून टाकलं. माणसं चहाचे कप अर्धे ठेवून उठली आणि आठ दिवसांत आमची गल्ली पोरीकडं वळून बघायला लागली.

म्हणून लातूरच्या वेळेला मी रीतीनं गेलो. असल्या गोष्टी पोरीचा बाप समोरासमोर बोलत नाही, मध्यस्थ नेतो. मध्यस्थ माझा मेहुणा, मुखेडचा भागवत. त्याला मी स्पष्ट सांगितलं, "पोराच्या आन् त्याच्या आईच्या कानावर घाल, मगच पुढं बोल." तो म्हणाला, "हाव दाजी, घालतो की." लातूरकडून होकार आला. मला वाटलं, माणसं सोन्याची आहेत, कळूनही हो म्हणाली.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजानं मला विचारलं, "पप्पा, त्यांना सांगितलंय ना?"

"हाव. मामानं सांगितलंय," मी म्हणालो, आणि तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

तर विमान. शेडच्या कोपऱ्यात एक टेबल रिकामं करून आम्ही बसलो. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले भाग ऋतुजा कटरनं सोडवायची, मी कानस मारून द्यायचो. पहिल्याच दिवशी कळलं की पोटाचे दोन अर्धे एका मापाचे नाहीत. डावा अर्धा उजव्यापेक्षा जवारीच्या दाण्याएवढा लांब. शेपटी जुळवली की नाक सरकायचं, नाक जुळवलं की शेपटी उघडायची. पंख वाकडे, ते पातेल्यात गरम पाणी घेऊन सरळ केले. समोरची काच मी दहा रुपयांच्या झटपट डिंकानं चिकटवली, तर तिच्यावर आतून पांढरी वाफ बसली, ती पुसता येईना. कपड्यांचे चिमटे, केसांची रबरं, जे सापडेल त्यानं आवळून ठेवलं तरी पंखाच्या मुळाशी फट राहिली. अशी की तीतून नख जावं.

ऋतुजा म्हणाली, "राहू द्या पप्पा फट. बसत न्हाई हे त्यांनी आधीच सांगितलंय."

"तुझ्या सासूच्या बहिणी बघून काय म्हनतील?"

"म्हनतील फट हाय."

"येडी हायेस का तू," मी म्हणालो आणि लांबीचा डबा काढला.

वैजनाथ अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचा, किती झालं बघायला. ऋतुजा चिमट्यात बारीक चाक धरून दाखवायची आणि तेवढ्यात तिचा हात थरथरायला लागायचा. मी मध्ये घुसायचो. "जावईबापू, तिकडं थंडी काय म्हणती?" असं काहीतरी विचारून फोन माझ्याकडं वळवून घ्यायचो. त्यांना सगळं माहीत आहे असं मी धरून चाललो होतो, तरी मध्ये घुसायचो. माणसाची खोड.

लग्नाला अकरा दिवस असताना भागवत पत्रिका न्यायला आला. चहा प्याला, गठ्ठा बांधला, आणि उठता उठता म्हणाला, "दाजी, एक सांगतो, रागावू नका."

"बोल."

"त्ये मिरगीचं... मी बोललोच न्हाई तिकडं."

माझ्या हातात पत्रा ठोकायची हातोडी होती. ती मी खाली ठेवली, ठेवली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

"असं लाखातलं स्थळ हाय दाजी. तीन वर्षं पोरीला काय बी न्हाई. बऱ्या झालेल्या दुखण्याची दवंडी कशाला? मी पोरीचं भलंच करून राहिलो." एवढं बोलून त्यानं गाडीला किक मारली. जिभेला हाड नसलेला माणूस, नको तिथं चुरूचुरू बोलणारा, नेमकं बोलायचं तिथं मुका झाला.

आत जाऊन मी गुणाबाईला सांगितलं. गुणाबाई म्हणजे आमची मंडळी. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं हाय. भावानं मला तवाच सांगितलं होतं."

"आन् तू गप ऱ्हायलीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. कंधारच्या वक्ताला उघडली होती, काय मिळालं?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अकरा दिस ऱ्हायलेत. तोंड उघडू नका. पोरगी पिवळी होऊन बसली आन् लगीन मोडलं तर ती जगंल का?"

फोन करावा, तर लग्न मोडेल. न करावा, तर उद्या लातूरला पोरगी झटका येऊन पडेल आणि लोक म्हणतील फसवलं. दोन्हीकडून पोरगीच मरणार. मी शेडमध्ये आलो. ऋतुजा पंखाला लावलेले चिमटे एकेक करून काढत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पप्पा, त्यांना नीट सांगितलंय ना? गोळीचं बी?"

"हाव," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुढचा चिमटा काढला.

त्या दिवसापासून फोन वाजला की नंबर बघूनच उचलायचो. लातूरचा नंबर पाहिला की आधी पाणी प्यायचो. एकदा वैजनाथच्या आईचाच फोन आला. म्हणाली, "हळद आम्ही रात्रीची न्हाई ठेवत. दुपारीच उरकून घेऊ. चालंल ना?"

"चालंल की. का बरं पण?"

"पोरीला जागरण नको."

जागरण नको. हे शब्द तर डॉक्टरचे. हिला कुणी सांगितलं? आता विचारतीय का, आता? मग तीच म्हणाली, "लग्नात पोरींचे डोळे सुजतात हो जागून. फोटू खराब येतात."

"बरोबर हाय, बरोबर हाय," मी म्हणालो, आणि फोन ठेवून ओट्यावर बसलो. फोटोसाठी म्हणत होती बाई. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा ब्लाउजचं माप द्यायला गेली. विमान रंगाला तयार होतं. फटी लांबीनं भरून, घासून मी असं गुळगुळीत केलं होतं की जोड कुठं आहे ते कळू नये. आता रंगाआधी गाडीचा पत्रा आम्ही थिनरच्या बोळ्यानं पुसतो, हाताचा तेलकटपणा जावा म्हणून. तीस वर्षांची सवय. बोळा भिजवला आणि डाव्या पंखावर वरपासून खालपर्यंत दाबून फिरवला.

पत्रा तो पत्रा आणि प्लास्टिक ते प्लास्टिक, हे डोक्यात यायला मला दोन क्षण लागले. तेवढ्यात पंख मऊ पडला. टोक जळक्या पापडासारखं वळलं आणि एक तुकडा बोळ्यालाच चिकटून निघाला. मी हातानं सरळ करायला गेलो तर बोटांचे ठसे उमटले.

मला रडूच यायचं बाकी होतं. विमानासाठी नाही, सगळ्यासाठीच. पण रडायला वेळ कुठं होता? ऋतुजा तासाभरात येणार. मी तो तुकडा डब्याखाली सरकवला, पंखात तार घातली, लवकर वाळावी म्हणून हार्डनर जास्त घालून लांबी कालवली आणि जेवढा पंख गेला होता तेवढा नुसत्या लांबीचा केला. घासला. वरून राखाडी रंग मारला. खरं सांगतो, असं काम मी कुठल्या गाडीचंही केलं नसेल.

ऋतुजा आली. दारातच थबकली. "रंग मारला बी?"

"आत्ताच. कसं दिसतंय?"

ती जवळ गेली, वाकून बघितलं. "डाव्या पंखाला काही झालं का पप्पा?"

"काय होतंय त्याला?"

ती सरळ झाली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, वैजनाथच्या घरी सांगितलंय ना?"

"किती बार इचारतीस!" मी ओरडलो. "सांगितलंय म्हणलं ना एकदा!"

ती आत गेली. तिच्यावर मी असा ओरडत नाही कधी.

लग्नाला सहा दिवस असताना वैजनाथ सुट्टीवर आला. सचखंड एक्सप्रेसनं नांदेडला उतरला आणि लातूरची बस धरायच्या आधी ऑटोनं थेट शेडवर. पाठीला बॅग, हातात पेढ्यांचं खोकं. पाया पडला. "मामा, विमान बघू द्या आधी."

तारेच्या स्टँडवर ते उभं होतं. मी दहा वेळा सरळ केलं तरी डावीकडं झुकत होतं. वैजनाथनं ते उचललं, दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरलं. विमान डाव्या बाजूला कललं. पंखाच्या मुळावरून नख फिरवलं, टोकाला टिचकी मारली, मग उजव्या पंखाला मारली. दोन आवाज वेगवेगळे आले.

"मामा, काम एक नंबर हाय," तो म्हणाला. "डोळ्याला दिसत न्हाई."

मी खुललो. "तीस वर्षं झाली, जावईबापू."

"पण डावा पंख जड हाय. आत भरलंय काहीतरी."

"फट होती थोडी. सगळेच भरतात."

"आमच्याकडं भरलं तर नोकरी जाती," तो हसत म्हणाला. चिडवायला नाही, साधंच. "तडा सापडला की आधी लाल पेन्सिलीनं गोल करायचा. वहीत लिवायचा, खाली सही. मग बघायचं काय करायचं ते. बारीक तडा असलेलं विमान बी उडतंय मामा, कुठं हाय ते ठावं असलं की. भरून ठिवलेलं न्हाई उडवत कुणी."

मला राग आला. रुखवतातलं खेळणं ते, त्याला काय माणसं बसवून उडवायचंय? तसं म्हणणारच होतो, तेवढ्यात मागून ऋतुजा म्हणाली, "थिनरनं वितळलाय तो पंख."

मी वळलो. ती दारात उभी होती, तिच्यामागं गुणाबाई, चहाचा ट्रे घेऊन.

"तुला कुणी सांगितलं?"

"वास आला होता त्या दिवशी. आन् तुकडा डब्याखाली सापडला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हटलं."

मी स्टुलावर बसलो. शेड तापलं होतं, पाठीवरून घाम ओघळत होता. वैजनाथ अजून विमान धरून उभा. मला कंधारवाल्यांचे अर्धे कप दिसायला लागले. गुणाबाईनं माझा चेहरा ओळखला असावा, तिनं ऋतुजाच्या खांद्यामागून जोरात मान हलवली. नको. सहा दिवस. पण मला आता ते पोटात ठेवता येईना.

"जावईबापू," मी म्हणालो, "एक सांगायचं ऱ्हायलंय. भागवतनं सांगायला पायजे होतं, त्यानं सांगितलं न्हाई, आन् मला कळल्यावर मी बी सांगितलं न्हाई. ऋतुजाला मिरगी हाय. बारावीपासून. गोळी चालू हाय सकाळ-संध्याकाळ. तीन वर्षं झाली, झटका आला न्हाई. पण हाय. आता तुम्ही म्हणाल तसं."

ट्रेमधले कप वाजले.

वैजनाथनं विमान सावकाश टेबलावर ठेवलं. "माहीत हाय मामा," तो म्हणाला.

"कवापासून?"

"साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. दुपारी हिचा फोन आला. तिला वाटत होतं आम्हाला सांगितलेलं हाय, म्हणून सहज गोळीचं बोलली. मला तवाच कळलं." मग खाली बघत म्हणाला, "खोटं न्हाई बोलत, आई दोन दिवस नीट जेवली न्हाई. मग आम्ही लातूरात एका डॉक्टरला इचारून आलो. हळद दुपारी ठेवली ती त्याच्यामुळंच."

छातीवरचा दगड उतरला. इतका की मी मोठ्यानं हसलो, गुणाबाईकडं बघितलं, तिनं ट्रे खाली ठेवून पदर तोंडाला लावला होता. लग्न मोडत नव्हतं. पोरगी सुखरूप होती. क्षणभर मला दुसरं काही सुचलं नाही.

मग सुचलं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. म्हणजे चिमटे काढत तिनं मला विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं की लातूरला कुणी काही सांगितलेलं नाही. पंखाला रंग मारल्यावर विचारलं, तेव्हाही. मी "हाव" म्हणालो ते तिनं खोटं म्हणून ऐकलं, आणि मान हलवली.

"मग मला इचारत का होतीस गं?"

ऋतुजा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "हे म्हणत होते, तुम्हाला सांगून टाकू की ह्यांना ठावं हाय, उगं झुराल. मीच म्हटलं थांबा. पप्पा लग्नाआधी सांगतील."

"सांगितलं की गं मी."

"हाव," ती म्हणाली. "पंख सापडल्यावर."

वैजनाथनं विषय बदलायला पेढ्यांचं खोकं उघडलं. मी पेढा घेतला आणि हातातच ठेवला.

वैजनाथ बस धरायला गेल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि डाव्या पंखावरची लांबी उतरवायला लागलो. तासभर लागला. खालून तो वळलेला, ठसे पडलेला पंख निघाला, आणि मुळाशी ती पहिली फट. टोक नव्हतंच. ऋतुजा येऊन बघून गेली. मी डब्याखालचा तुकडा शोधला, तर तो तिनं आधीच विमानाच्या खोक्यात जपून ठेवला होता.

लग्नात रुखवताच्या टेबलावर विमान तसंच ठेवलं, रंगवलेले नारळ आणि लोकरीच्या तोरणाच्या मध्ये, तुकडा शेजारी. लातूरच्या बायका आल्या. सासूच्या बहिणीनं चष्मा लावला, विमान उचललं, उलटं केलं.

"ही बाजू अशी कशानं झाली हो?"

गुणाबाईनं माझ्याकडं बघितलं. उन्हानं वळलं, असं सांगता आलं असतं. कुणी खात्री करायला येणार नव्हतं.

"माझ्या हातून वितळली," मी म्हणालो. "थिनर लावलं मी. मग लांबी भरून झाकली होती."

बाजूच्या खोलीत ऋतुजाला मुंडावळ्या बांधत होते, दार अर्धं उघडं होतं. बँडवाल्यांनी सूर धरला होता, तिला ऐकू गेलं की नाही कळेना. म्हणून मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.